दाणा धरतो कसा?

आमचे नाना साखर कारखान्यात पॅनवर होते. मांजरेच्या काठचा कारखाना. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटायचा आणि ऊस असेल तितके महिने गाळप चालायचं. शाळेला सुट्टी असली की नानांचा डबा घेऊन मी जायचो. पॅन म्हणजे दोन मजले उंचीचं बंद भांडं. आतली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे उसाचा घट्ट रस शंभर अंशांना नव्हे, पासष्ट-सत्तर अंशांनाच उकळतो आणि करपत नाही. नाना पॅनच्या पोटातली एक दांडी ओढायचे, तिच्या खाचेत आलेला थेंबभर रस काचेच्या पट्टीवर पसरायचे आणि दिव्यासमोर धरायचे. पट्टी स्वच्छ असायची. "अजून न्हाई," म्हणायचे. पुन्हा दांडी, पुन्हा पट्टी.

मग एका क्षणी ते मदतनिसाला खूण करायचे. तो दुधासारखं पांढरं काहीतरी असलेलं भांडं आणायचा आणि ते पॅनमध्ये ओढून घेतलं जायचं. थोड्या वेळाने त्याच काचेवर धुळीसारखी चमक दिसायची. नाना म्हणायचे, "धरला दाणा."

मी त्यांना विचारलं होतं की साखर तर रसात आधीपासूनच आहे, मग रस आटला की आपोआप दाणा का पडत नाही? नानांचं उत्तर मला जसंच्या तसं आठवतं. "आपोआप बी पडतंय. पण मग ते साखर नसतंय, पीठ असतंय. दाणा पेरावा लागतो."

पुढे मी रसायनशास्त्र शिकलो आणि औषधांच्या स्फटिकांवर काम केलं. आता मागे वळून पाहिलं तर नानांच्या त्या तीन वाक्यांत हा सगळा विषय आहे. विरघळलेल्या, सैरभैर फिरणाऱ्या रेणूंतून स्फटिकाचा पहिला कण जन्माला येतो कसा, तो इतका दुर्मीळ का असतो आणि त्याच्या जन्माच्या वेळी जे ठरतं ते पुढे बदलणं इतकं अवघड का, हे इथे सांगायचं आहे.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. साखरेचा एक रेणू साधारण १ नॅनोमीटरचा असतो, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा. समजा, हा रेणू फुगवून ज्वारीच्या दाण्याएवढा, ४ मिलिमीटरचा केला. त्याच प्रमाणात साखरेचा १ मिलिमीटरचा दाणा फुगवला तर तो ४ किलोमीटर लांब, ४ किलोमीटर रुंद आणि ४ किलोमीटर उंच होईल. ज्वारीचा एवढा डोंगर, आणि त्यातला प्रत्येक दाणा मोजून-मापून ठरल्या जागी, ठरल्या कोनात बसलेला! खऱ्या साखरेच्या एका दाण्यात असे सुमारे २८ लाख लाख कोटी रेणू असतात. २८ लिहून त्यापुढे सतरा शून्यं. नक्षी एकच, तीच पुन्हा पुन्हा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. यालाच स्फटिक म्हणतात.

पाकात हेच रेणू पाण्यात मोकळे फिरत असतात, एकमेकांना धडकत असतात. धडकल्यावर क्षणभर चिकटतात, पुन्हा सुटतात. दोन जुळतात, तिसरा येतो, तोवर पहिला निघून जातो. अशा टोळ्या अब्जावधी संख्येने सतत जमत असतात आणि मोडत असतात. जवळजवळ सगळ्याच मोडतात. का मोडतात, हे समजून घेण्यासाठी कडब्याच्या गंजीकडे पाहा.

ज्वारी काढल्यावर कडब्याच्या पेंढ्या रचून गंजी घालतात. आतल्या पेंढ्यांना चारही बाजूंनी शेजार असतो. वारा लागत नाही, पाऊस पोचत नाही. झळ बसते ती बाहेरच्या थराला. आता आठच पेंढ्या असतील तर? आत काही उरतच नाही, आठही उघड्यावर. रेणूंचं तसंच आहे. आतल्या रेणूला सगळीकडून शेजाऱ्यांनी धरलेलं असतं. पृष्ठभागावरच्या रेणूची एक बाजू उघडी असते, त्याची पकड कच्ची असते, आणि तोच आधी सुटतो.

साध्या हिशेबासाठी रेणू चौकोनी विटांसारखे आहेत असं समजू. २ लांब, २ रुंद, २ उंच अशी रचना केली तर ८ रेणू, आणि ८ही बाहेर. ३ची रचना केली तर २७ रेणू, त्यांतला फक्त १ आत. १०ची केली तर १,००० रेणू, त्यांतले ४८८ बाहेर आणि ५१२ आत. इथे पारडं पहिल्यांदा आतल्यांकडे झुकलं. १००ची केली तर १० लाख रेणू आणि बाहेर जेमतेम ६ टक्के. टोळी लहान असते तेव्हा एकत्र येण्याचा फायदा थोडा आणि उघड्यावर राहण्याचा तोटा मोठा. म्हणून ती वाढण्यापेक्षा मोडणंच सोपं. पण धडकाधडकीत, निव्वळ योगायोगाने, एखादी टोळी एका ठरावीक आकाराच्या पुढे गेली की हिशेब उलटा होतो. तिथून पुढे प्रत्येक नवा रेणू तिला जास्त स्थिर करतो आणि ती वाढतच जाते. या उंबरठ्यावरच्या टोळीला क्रांतिक केंद्रक म्हणतात. मी तिला बीज म्हणतो. तिच्यात काही डझन ते काही शे रेणू असतात आणि तिची रुंदी काही नॅनोमीटर असते. आपल्या ज्वारीच्या मापात सांगायचं तर ४ किलोमीटरच्या त्या डोंगराचं बीज म्हणजे मूठभर ज्वारी.

हा हिशेब आजचा नाही. अमेरिकेतल्या विलर्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात त्याचा पाया घातला. १९२६ मध्ये फोल्मर आणि वेबर यांनी आणि १९३५ मध्ये बेकर आणि डोरिंग यांनी त्यावरून बीज पडण्याचा वेग मांडला. त्यातून निघालेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की हा वेग द्रावणाच्या घट्टपणावर भयंकर अवलंबून असतो. घट्टपणा थोडा वाढवला की वेग दुप्पट-तिप्पट होऊन थांबत नाही, तो हजारो-लाखो पटींनी उसळतो. म्हणून पाक बराच वेळ शांत राहतो आणि मग एकदम साखरतो. मधली पायरी डोळ्यांना दिसतच नाही.

आता नाना काचेवर काय पाहत होते ते सांगतो. शेतकऱ्याला वाफसा सांगावा लागत नाही. पाऊस पडला म्हणून लगेच पेरत नाहीत, आणि जमीन कोरडी पडेपर्यंतही थांबत नाहीत. काळ्या रानात पाय रुतत नाही, पण ओल आहे, अशा वेळी पेरतात. साखरेच्या पाकालाही वाफसा असतो. त्या तापमानाला पाण्यात जेवढी साखर मुरू शकते तेवढी मुरली की पाक संपृक्त झाला. त्याला १ धरा. १ च्या खाली टाकलेला दाणा विरघळून जाईल. १ ते साधारण १.२ या पट्ट्यात पाकात जास्तीची साखर असते, आधीचा दाणा असेल तर तो वाढतो, पण नवा दाणा आपोआप जन्मत नाही. हा वाफसा. १.२ ते १.३ च्या दरम्यान आधीचे दाणे असतील तर त्यांच्या संगतीने नवेही पडू लागतात. १.३ च्या पुढे मात्र बोलवायची गरजच नाही, रानभर तण उगवावं तसे कोट्यवधी दाणे एकदम पडतात, सगळे साखरेच्या वाट्यावर तुटून पडतात आणि कुणीच मोठा होत नाही. कारखान्यात त्याला खोटा दाणा म्हणतात. नानांच्या भाषेत पीठ. रसाची शुद्धता आणि तापमान बदललं की हे आकडे इकडेतिकडे सरकतात, म्हणून अनुभवी डोळा लागतो.

आणि ते दुधासारखं पांढरं पाणी? ते बियाणं. साखर अल्कोहोलमध्ये घालून गोळ्यांच्या गिरणीत कित्येक तास दळतात. अल्कोहोलमध्ये साखर विरघळत नाही, नुसती बारीक होते, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाच-दहा पटींपर्यंत. म्हणजे ५-१० मायक्रॉन. हिशेब करून पाहा. ५ मायक्रॉनचा कण वाढून अर्धा मिलिमीटरचा झाला, तर लांबी शंभर पट आणि वजन दहा लाख पट वाढलं. कागदावर १ ग्रॅम बियाण्यातून १ टन साखर! प्रत्यक्षात बियाणं जास्त टाकतात, कारण सगळे कण सारखे नसतात आणि काही विरघळूनही जातात. तरी एवढ्याशा भांड्यातून अख्खा पॅन पिकतो हे खरं आहे.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. ५ मायक्रॉनचा हा कण आपल्याला धूळ वाटतो, पण खऱ्या बीजापेक्षा तो रुंदीला जवळजवळ हजार पट मोठा आहे. म्हणजे कारखाना जन्माच्या वाटेला जातच नाही. जन्म हातात ठेवता येत नाही म्हणून तो आधीच जन्मलेले कण आणतो आणि फक्त वाढवण्याचं काम करतो. शंभर वर्षांचा सिद्धांत हाताशी असूनही उद्योगात आपोआप बीज पडण्यावर सहसा कुणी विसंबत नाही.

याचं एक कारण सेंद्रिय रेणूंच्या स्वभावात आहे. सेंद्रिय म्हटलं की आपल्याकडे शेणखत आठवतं. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ कार्बनच्या सांगाड्यावर उभा असलेला रेणू. साखर, युरिया, पॅरासिटामॉल, तुपातली चरबी, हे सगळे सेंद्रिय. मिठाचा स्फटिक घडताना सोडियम आणि क्लोरिनचे गोल कण एकाआड एक बसायचे असतात. गोट्या कशाही फिरवल्या तरी सारख्याच. साखरेच्या रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन आहेत. दोन कडी एका सांध्याने जोडलेली, त्या सांध्याशी रेणू वळू शकतो, आणि अंगाला आठ ठिकाणी पाण्याशी गट्टी करणारे हात. त्याला नुसतं योग्य जागी येऊन चालत नाही. योग्य बाजू पुढे करावी लागते, योग्य रीतीने वळावं लागतं, आणि अंगाला लगडलेले पाण्याचे रेणू आधी सोडावे लागतात. शिवाय स्फटिकात त्याला धरून ठेवणारे बंध मिठातल्या बंधांच्या मानाने दुबळे. म्हणून साखरेचा पाक दिवसचे दिवस अतिसंपृक्त, म्हणजे १ च्या वर, राहू शकतो. मधाच्या बाटलीचंही तेच. त्यातला ग्लुकोज कित्येक महिने जास्तीचा असूनही गप्प राहतो आणि एखाद्या थंडीत बाटली तळापासून घट्ट होते. मध भेसळीचा निघाला म्हणून लोक तो टाकून देतात याचं मला फार वाईट वाटतं. गोठलेला मध खराब नसतो, त्यात दाणा धरलेला असतो एवढंच. कोमट पाण्यात बाटली ठेवा, पुन्हा पातळ होतो.

आतापर्यंत सांगितलेल्या चित्रात रेणू एकेक करून, पहिल्यापासूनच नक्षीत बसत जातात. गेल्या तीसेक वर्षांत कळलं की हे चित्र पुष्कळदा अपुरं आहे. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत एक पदार्थ शुद्ध करताना माझ्या परीक्षानळीत स्फटिकाऐवजी तेलासारखे थेंब सुटले होते. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "टाकू नकोस, ठेव तसंच." दुसऱ्या दिवशी त्या थेंबांच्या आतून स्फटिक निघाले होते. तेव्हा मला तो अपघात वाटला. पण १९९७ मध्ये टेन वोल्डे आणि फ्रेंकेल या शास्त्रज्ञांनी संगणकावर प्रथिनाच्या रेणूंचा अभ्यास करून दाखवलं होतं की काही परिस्थितीत रेणू आधी नुसतेच दाटीवाटीने गोळा होतात, द्रवाच्या दाट थेंबासारखे, आणि नक्षी त्या थेंबात नंतर उमटते. दोन टप्पे. आधी गर्दी, मग शिस्त. आषाढीच्या आधी गावोगावचे लोक देवळापाशी जमतात, तेव्हा नुसता घोळका असतो. टाळ-पताका हातात घेऊन दिंडीच्या रांगा लागतात त्या नंतर. एकट्या-दुकट्या वारकऱ्याने थेट रांगेतच येऊन उभं राहायचं ठरवलं तर दिंडी निघायला फार वेळ लागेल. रेणूंनाही गर्दीतून शिस्तीकडे जाणं सोपं पडतं, कारण दाट थेंबात शेजारी आधीच हाताशी असतात आणि पाणी बरंचसं बाहेर गेलेलं असतं.

हे डोळ्यांनी पाहायचं कसं? बीज काही नॅनोमीटरचं, ते क्षणात जमतं आणि कुठे जमेल हे सांगता येत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसणारच नाही, कारण प्रकाशाची लहरच शेकडो नॅनोमीटर लांब असते. इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक लागतो, पण इलेक्ट्रॉनचा मारा सेंद्रिय रेणूंना सोसत नाही, ते तुटतात. एक उपाय म्हणजे द्रावणाचा पातळ थर डोळ्याचं पातं लवायच्या आत गोठवायचा, इतक्या झटक्यात की पाण्याचा बर्फ होतो पण त्याचे स्फटिक बनत नाहीत, आणि त्या क्षणी रेणू जसे असतील तसे अडकतात. वेगवेगळ्या वेळी गोठवलेले असे नमुने ओळीने लावले की जन्माची गोष्ट टप्प्याटप्प्याने वाचता येते. असे गोठवलेले नमुने इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाने पाहण्याच्या तंत्रासाठी डुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरा उपाय टोकियो विद्यापीठातल्या नाकामुरा यांच्या गटाचा. त्यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीत मिठाचे कण अडकवले आणि बीज पडतानाचं चलचित्रच घेतलं. ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. मीठ सेंद्रिय नव्हे हे खरं, पण त्यात जे दिसलं ते मला विसरता येत नाही. कणांचा पुंजका कधी बेढब गोळा, कधी अर्धवट नक्षी, पुन्हा गोळा, असा हेलकावे खात राहतो आणि मग अचानक चौकोनी स्फटिक होऊन उभा राहतो.

आपोआप जन्म इतका अवघड असेल तर रोजच्या व्यवहारात स्फटिक इतके सहज कसे दिसतात? कारण बहुतेक वेळा रेणूंना कशाचा तरी आधार मिळतो. धुळीचा कण, भांड्यावरचा ओरखडा, सुताचा दोरा. एका बाजूने आधार मिळाला की उघडी बाजू तेवढी कमी होते, आणि उंबरठा खाली येतो. कडब्याची गंजी भिंतीला टेकवून घालावी तसंच. प्रयोगशाळेत स्फटिक पडत नसले तर काचेच्या कांडीने नळी आतून घासतात, ती याचसाठी.

पाडव्याच्या गाठी आणि खडीसाखर शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत दोरा आहे, दोन्हींत साखरच आहे. गाठीचा पाक घट्ट करून, घोटून साच्यात ओततात. एकदम असंख्य बीजं पडतात आणि थोड्याच वेळात सगळं आळून येतं. बारीक दाण्यांच्या दाटीत प्रकाश इकडेतिकडे विखुरतो, म्हणून गाठ पांढरीशुभ्र दिसते. खडीसाखरेचा पाक दिवसेंदिवस शांत ठेवतात. बीजं थोडी, वेळ भरपूर. खडा काचेसारखा आरपार. रवाळ तुपाचंही गणित हेच आहे. तूप सावकाश निवू दिलं तर थोडे आणि मोठे दाणे धरतात, गार पाण्यात भांडं ठेवून झटकन थंड केलं तर बारीक दाण्यांचं मऊ लोण्यासारखं होतं.

आणि संक्रांतीचा काटेरी हलवा! माझी आजी पौषातल्या थंडीत मंद आचेवर परात ठेवून तीळ घ्यायची, चमचाभर पाक टाकायची आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायची. पाक सुकला की पुन्हा चमचा. घाई केली, पाक जास्त पडला, तर तीळ एकमेकांना चिकटून लगदा व्हायचा. तिळाने दिलेल्या आधारावर पहिला थर धरला की पुढच्या थरांना नव्या जन्माची गरजच उरत नाही, ते जुन्या दाण्यांवरच वाढतात. आजीचा चमचा म्हणजे पाक कायम वाफशात ठेवण्याची युक्ती होती.

आता उलटी बाजू. वाढ थांबवायची असेल तर? पाकात लिंबू पिळतात. आंबटपणाने साखरेचे काही रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. हे साखरेसारखे दिसतात, पण पुरते जुळत नाहीत. ते स्फटिकाच्या पृष्ठभागाशी लुडबुड करतात, नेमक्या जागा अडवतात आणि पाक साखरत नाही. शिळ्या उसाची गोष्ट जास्त वाईट आहे. तोडलेला ऊस फडात किंवा कारखान्याच्या दारात गाड्यांच्या रांगेत पडून राहिला की सूक्ष्मजीव त्यातली साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाची लांबच लांब साखळी बनवतात. ही साखळी स्फटिकाच्या काही बाजूंना चिकटते, त्या बाजू वाढायच्या थांबतात, बाकीच्या वाढत राहतात. परिणामी दाणा सुईसारखा लांबट होतो, रस चिकट होतो, आणि मळी वेगळी करणं कठीण जातं. नाना काचेवर लांबट दाणा दिसला की लगेच म्हणायचे, "ऊस शिळा हाय." बीडकडची माणसं पहाटेच्या गारठ्यात कोयता घेऊन उतरतात, त्यांनी तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असं म्हणण्यामागे हे नॅनोमीटरमधलं कारणही आहे.

इथपर्यंत दाणा धरला की नाही एवढाच प्रश्न होता. औषधांत त्याहून नाजूक प्रश्न येतो: कोणत्या जातीचा दाणा धरला? कारण एकच सेंद्रिय रेणू एकापेक्षा जास्त नक्ष्यांत रचता येतो. रेणू तोच, रचना वेगळी, आणि गुण वेगळे. याला बहुरूपता म्हणतात. १८३२ मध्ये व्होलर आणि लीबिग यांनी बेंझामाइडमध्ये ती पहिल्यांदा पाहिली. त्याच्या गरम द्रावणातून आधी रेशमी सुया निघाल्या आणि त्या हळूहळू जाड दाण्यांत बदलल्या. १८९७ मध्ये ओस्टवाल्ड यांनी त्यातून नियम सांगितला की जे रूप सगळ्यात टिकाऊ ते बहुतेकदा आधी येत नाही. ज्याचा उंबरठा कमी ते आधी जन्मतं, आणि टिकाऊ रूप मागाहून. म्हणजे कोण टिकेल हे एका हिशेबावर ठरतं आणि कोण आधी जन्मेल हे दुसऱ्याच. नियमाला अपवाद आहेत, पण औषधांत काम करणाऱ्याने तो विसरून चालत नाही.

पॅरासिटामॉल घ्या. त्याचं नेहमीचं रूप टिकाऊ आहे, पण दाबून गोळी करायला हट्टी. नुसतं दाबलं तर गोळीचे पापुद्रे सुटतात, म्हणून चिकटवणारे पदार्थ घालावे लागतात. दुसऱ्या रूपात रेणूंचे सपाट थर एकावर एक बसलेले असतात, ते एकमेकांवरून सरकतात आणि गोळी छान बसते. पण ते रूप मोठ्या प्रमाणात बनवणं आणि टिकवणं कठीण, म्हणून आपण खातो ती गोळी बहुधा पहिल्याच रूपाची.

सगळ्यात मोठा धडा रिटोनावीरने दिला. एचआयव्हीवरचं हे औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. पुढे कोरोनाच्या एका औषधातही त्याचा उपयोग झाला, म्हणून नाव ओळखीचं वाटेल. सुरुवातीला त्याचं एकच रूप माहीत होतं. १९९८ मध्ये कॅप्सूल तपासणीत नापास होऊ लागल्या, औषध पुरेसं विरघळेना. शोध घेतला तर एक नवं रूप जन्मलं होतं. त्यात रेणू वेगळ्या पद्धतीने वळलेला, एकमेकांना जास्त घट्ट धरलेला, म्हणून जास्त टिकाऊ आणि कितीतरी कमी विरघळणारा. ज्याने पोटात विरघळायचं तेच विरघळेना. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या आणि रुग्णांना काही काळ वाईट चवीचं द्रवरूप औषध घ्यावं लागलं. कठीण बाब अशी की नव्या रूपाचे कण एकदा प्रयोगशाळेत आले की तिथे जुनं रूप बनवणं दुरापास्त झालं. हवेतला, कपड्यावरचा दिसेनासा कणही बियाण्याचं काम करतो. गाजरगवताचं बी रानात एकदा शिरलं की काय होतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

तापमानाचं महत्त्व सांगताना मला लुई पाश्चर आठवतात. १८४८ मध्ये त्यांनी द्राक्षाच्या आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक चिमट्याने वेचून दोन ढीग केले. एका ढिगातले स्फटिक दुसऱ्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखे. डाव्या-उजव्या हाताच्या रेणूंचं विज्ञान तिथे सुरू झालं. पण ते दोन प्रकारचे स्फटिक वेगवेगळे पडतात ते साधारण २७ अंशांच्या खालीच. त्याच्या वर डावे-उजवे रेणू एकाच स्फटिकात मिसळून बसतात. पॅरिसची गार हवा कामी आली. परभणीच्या एप्रिलमध्ये पंख्याखाली तो प्रयोग केला असता तर वेचायला दोन ढीग मिळाले नसते.

वाळूज आणि चिकलठाण्याकडच्या औषध कारखान्यांच्या दारात रोज तरुण मुलं-मुली बसमधून उतरतात. त्यांतल्या पुष्कळांचं काम हेच आहे: द्रावण किती अंशांना, कोणत्या वेगाने थंड करायचं, किती वेगाने ढवळायचं, आणि बियाणं नेमकं कधी टाकायचं. बियाणं हवं त्याच रूपाचं आहे ना, हे क्ष-किरणांनी तपासून घेतात, कारण प्रत्येक नक्षी क्ष-किरणांना आपापल्या ठशात परतवते. बाटलीवर क्रमांक, तारीख, रूपाचं नाव. घरात पुढच्या पेरणीसाठी निवडून ठेवलेल्या कणसांची जितकी निगा, तितकीच या बाटलीची.

घरी करून पाहायचं असेल तर दोन काचेचे पेले घ्या. २०० मिलिलिटर पाण्यात ५०० ग्रॅम साखर गरम करत पूर्ण विरघळवा, एकही कण राहू देऊ नका, आणि पाक दोन्हींत सारखा वाटा. एक सुती दोरा ओला करून साखरेत घोळवा आणि दोन दिवस खडखडीत वाळू द्या. पाक अगदी निवल्यावरच तो एका पेल्यात काडीला बांधून सोडा, गरम पाकात सोडला तर बियाणंच विरघळेल. दुसऱ्या पेल्यात काही टाकू नका. दोन्हींवर कागद झाका आणि हलवू नका. ३० अंशांना हा पाक सुमारे १.१५ वर असतो, भर वाफशात. मे महिन्यात खोली चाळीसवर गेली तर तोच जेमतेम १.०६ वर उतरतो आणि दाणा रडतखडत वाढतो. म्हणून हे थंडीत करा. आठवड्याभरात दोऱ्यावर कोन दिसू लागतील. दुसऱ्या पेल्यात तेवढीच साखर, तेवढंच पाणी, तीच खोली असेल, आणि उजेडासमोर धरला तर तो बहुधा नानांच्या पहिल्या काचेसारखा स्वच्छ असेल.